बापाऐवजी गाडी

नवीन पनवेल
४ सप्टेंबर २०२५

कुंदन यांस,

‘प्रिय’ लिहीत नाही. तुम्ही मस्कतला गेल्यापासूनच्या सहा वर्षांत ती सवय गेली, आणि पत्राची सुरुवात खोट्याने करणं मला जमणार नाही. फोनही करत नाही, कारण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो. ईमेलमध्ये निदान एकाला गप्प बसून दुसऱ्याचं वाचावं लागतं.

तुम्ही गाडी बुक केल्याचं अंकिताकडून कळलं. तुम्ही तिला पाठवलेले फोटो तिने मला दाखवले. पुढे ते चांदीचं चिन्ह, वर काचेचं छप्पर, आत लोळता येईल अशा खुर्च्या. दसऱ्याला तुमच्या मित्राचा, काळूरामचा, मुलगा केतन ती दारात आणून देणार, कारण तो त्याच शोरूममध्ये कामाला आहे. फोटोखाली तुम्ही लिहिलंत, ‘मला सुट्टी नाही. गाडी पाठवतो. करंजाच्या लोकांना कळू दे अंकिता कोणाची मुलगी आहे.’

करंजाच्या लोकांना ते ठाऊक आहे. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी न्यायला माहेरचा माणूस येतो, बाप नाहीतर भाऊ. मुराळी म्हणतात त्याला. गणपतीला करंजाला गेले होते तेव्हा अंकिताच्या सासूबाई, गुणाबाई, मासळी साफ करता करता मला म्हणाल्या, “पोरीला भाव नाय, बाप मस्कतान. मंग मुराळी कोन?” मी म्हटलं, मी येईन. त्या हसल्या. कुचकट नाही, लहान मुलाचं बोलणं ऐकून हसावं तसं.

म्हणजे तुम्ही बापाच्या जागी गाडी पाठवता आहात. पाठवा. भाड्याच्या गाडीतून लेक नेली तर तिला त्या अंगणात जन्मभर ऐकावं लागेल, एवढं मलाही कळतं. घरची गाडी हवी. वाद फक्त कोणती, याचा आहे.

तुमच्या त्या गाडीबद्दल मी वाचलं. विकणारे काय म्हणतात ते नाही, वापरणारे काय म्हणतात ते. बसायला पालखी, असं सगळेच लिहितात. आणि बऱ्याच जणांनी असंही लिहिलंय की चालता चालता समोरचा पडदा काळा होतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. करंजाहून येणाऱ्या उरणच्या रस्त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि मधे तुमचं चांदीचं चिन्ह, बंद पडलेलं. मला साधी, पांढरी, टॅक्सीवाले वापरतात ती गाडी हवी. तिला कोणी मान वळवून बघत नाही. ती रोज सकाळी चालू होते.

जाता जाता. अंकिताच्या सोनोग्राफीत वार जराशी खाली दिसली आहे. पुष्कळ जणींना असतं. पुढे आपोआप वर सरकते म्हणतात. धक्के बसू द्यायचे नाहीत आणि आठवा लागायच्या आत दवाखान्याजवळ राहायला यायचं, एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. काळजीचं काही नाही.

रंजिता


नवीन पनवेल
११ सप्टेंबर २०२५

कुंदन यांस,

तुमचं उत्तर मिळालं. ‘न बसता नावं ठेवू नकोस. आधी बसून बघ.’ न्याय्य आहे. बसून पाहिलं.

धक्का किती बसतो हे माझ्या पाठीला विचारून उपयोग नव्हता. माझी पाठ आंदोलनांत, समितीच्या जीपमध्ये घडली आहे. म्हणून मी स्वयंपाकघरातलं पातेलं काठोकाठ पाणी भरून नेलं आणि मागच्या सीटवर मांडीत घेऊन बसले. केतन पाहतच राहिला. म्हणाला, “काकू, लोक यात गाणी लावून बघतात.” मी म्हटलं, मला गाणी न्यायची नाहीत.

पळस्पे फाट्याकडून गोवा रस्त्याला कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत गेलो. खड्डे होते, गतिरोधक होते, एका ठिकाणी रस्ता उकरून ठेवला होता. आणि खरं सांगते, कारण खोटं मला बोलता येत नाही, पातेल्यातलं पाणी नुसतं हललं. पदरावर थेंब आला नाही. मी त्या काचेच्या छपराखाली बसले होते आणि पहिल्यांदाच वाटलं की या माणसाचं बरोबर असेल. अंकिताला अशीच न्यायला हवी, या पाण्यासारखी.

परत फिरताना कर्नाळ्याच्या वळणावर पडदा काळा झाला.

केतनने गाडी कशीबशी कडेला घेतली. पूर्ण कडेला नाही. मागचं चाक रस्त्यातच होतं. “सॉफ्टवेअर हाय काकू, रिस्टार्ट होतेय,” असं तो सारखं म्हणत होता आणि बटण दाबत होता. काचा खाली होईनात. दार उघडलं, पण उतरणार कुठे, त्याच बाजूने टँकर जात होते. प्रत्येक टँकर गेला की गाडी हलायची आणि पातेल्यातलं पाणी माझ्या पायांवर सांडायचं. चालताना सांडलं नाही ते थांबल्यावर सांडलं.  तुम्हाला विश्वास बसणार नाही. लाठ्या चालल्या तेव्हा माइक न सोडणारी मी, पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

थोड्या वेळाने पडदा उजळला, त्यावर ते चिन्ह आलं, आणि गाडी काही झालंच नाही अशी निघाली. केतन म्हणाला, वरिष्ठांना सांगतो, आणि माझ्या बाबांना सांगू नका.

मग पांढरी साधी गाडी पाहिली. त्याच रस्त्याने नेली. ती बंद पडली नाही. पडणारही नाही असं तिच्या आवाजावरून वाटतं. पण पातेलं निम्मं रिकामं झालं. माझी साडी, सीट, खालची चटई, सगळं ओलं. शोरूमच्या पोरीने मला टॉवेल आणून दिला.

आता मला सांगा. मऊ गाडी वाटेत थांबेल, न थांबणारी गाडी हादरवेल. आणि अंकिताच्या पोटात जे आहे त्याला थांबणंही चालणार नाही आणि हादरणंही. मी आजवर कुठल्याही प्रश्नावर दोन्ही बाजू खऱ्या आहेत असं म्हटलेलं नाही.

रंजिता


नवीन पनवेल
१६ सप्टेंबर २०२५

कुंदन यांस,

‘केतन म्हणतो तू शोरूममध्ये पातेलं घेऊन गेलीस. माझी लाज काढू नकोस.’ एवढंच उत्तर? वळणावर काय झालं ते वाचलं नाहीत, की वाचून सोडून दिलंत?

बरं. लाज काढण्याचा पुढचा भाग ऐका. रविवारी पाण्याच्या प्रश्नावर सभा होती. मी अर्धा तास बोलले, टाळ्या पडल्या, आणि शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, आता एक खासगी प्रश्न. ज्यांची गाडी गेल्या वर्षभरात भर रस्त्यात बंद पडली, त्यांनी हात वर करा. लोक हसले, पण हात वर झाले. सभा संपल्यावर मी एकेकाला गाठून विचारलं. मोठ्या चिन्हांच्या गाड्यांचे मालक हात वर करायला तयार नव्हते. त्यांच्या बायकांनी केले. बुधाजी बिल्डर सगळ्यांसमोर म्हणाला, आपली गाडी मक्खन, आणि त्याची बायको मालू मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन सांगते, ताई, दोनदा क्रेनने आणलीय, गावात बोलायची चोरी. नवऱ्याने गावभर सांगून ठेवलंय ना.

म्हणजे चिन्हाचं असं आहे. ते गाडीला लागत नाही, माणसाला लागतं. मग गाडी बंद पडली तरी माणसाला चालूच आहे म्हणावं लागतं.

एसटी स्टँडसमोरच्या टॅक्सीवाल्यांनाही विचारलं. ते सगळे पांढऱ्या गाडीच्या बाजूचे. फक्त एक जण म्हणाला, ताई, हिच्यात पेशंट नेला ना तर पेशंट शिव्या देतो, पण द्यायला जिवंत असतो.

मी हसत होते. घरी येऊन दार लावल्यावर हसू गेलं.

पहिल्या पत्रात मी ‘काळजीचं काही नाही’ असं लिहिलं. ते खोटं होतं. मला खोटं बोलता येत नाही असंही मी दुसऱ्या पत्रात लिहिलं, म्हणजे तेही खोटं. वार जराशी खाली नाही. तिने पिशवीचं तोंड पूर्ण झाकलं आहे. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर काढून दाखवलं, एक पिशवी आणि तिच्या दारावर ठेवलेली उशी. आता ती सरकण्याची आशा नाही. रक्त जायला लागलं तर थांबत नाही, आणि तेव्हा दोघांपैकी कोणासाठीच वेळ उरत नाही. जाऊन दवाखान्याजवळ राहा, असं त्यांनी आठव्याबद्दल नाही, आत्ताबद्दल सांगितलं आहे.

काल अंकिताने फोनवर हळूच सांगितलं की थोडा डाग दिसला होता. चार दिवसांपूर्वी. सासूला सांगितला नाही, मला सांगितला नाही. का, तर आई, तू लगेच भाषण करायला येशील.

तुम्ही जाताना हेच म्हणाला होतात. तुझ्याशी बोलताना समोर माइक आहे असं वाटतं.

मी पांढरी गाडी घेते आहे. दसऱ्यापर्यंत थांबत नाही. पितृपक्ष चालू आहे, हे मला कोणी सांगू नये.

रंजिता


नवीन पनवेल
१९ सप्टेंबर २०२५

कुंदन यांस,

काल गाडी घेतली. शोरूममध्ये मी एकटी होते. पितरांच्या पंधरवड्यात कोणी नवी गाडी बाहेर काढत नाही, म्हणून विकणारी पोरगी खुर्चीवर पेंगत होती. तिला माझी दया आली. म्हणाली, मॅडम, चार दिवस थांबा, सोमवारी घटस्थापना आहे आणि त्याच दिवसापासून करही उतरतोय. मी म्हटलं, आज कागद करून देता का. तिने दिले. हार आणला नव्हता तर तिने टेबलावरच्या गणपतीचं जास्वंद काढून बॉनेटवर ठेवलं.

आज सकाळी करंजाला गेले. जीप चालवलेले पाय विसरलेले नाहीत. मागच्या सीटवर दोन गाद्या, चार उशा लावल्या होत्या. अंगणात शिरले तेव्हा अंकिता दारातच उभी होती, पिशवी हातात घेऊन. म्हणजे तिलाही यायचं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं मला लक्षात ठेवायला कठीण जातंय.

गुणाबाईंनी गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, कधी घेतली. मी काल म्हटलं. त्या म्हणाल्या, “पितरांच्या दिवसांत नव्या गाडीन आमची सून बसाची नाय. पोटुशी तर नायच नाय.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला होता. मी आत बसून, डॉक्टर काय म्हणाल्या ते कागदावर काढून दाखवलं असतं तर बाईने ऐकलं असतं. ती उशी आणि ते दार पाहून ऐकलं असतं. तिने चार बाळंतपणं केली आहेत.

पण मी उभी राहिले आणि बोलले. तुम्हाला माहीत आहे मी कशी बोलते. मी विचारलं, तुमच्या होड्या पितृपक्षात समुद्रात जात नाहीत का. पितरांना मासळी चालते आणि लेक चालत नाही का. शेजारपाजारचे जमले. जाळं विणत बसलेला एक पोरगा हसला आणि त्याने टाळी वाजवली.

ती टाळी वाजली आणि सगळं गेलं. अंकिताचे सासरे, दादू, ओटीवरून उठले. म्हणाले, “होडी जुनी हाय, विहीणबाई. नवी होडी आमी बी पितरांत पान्यान नाय उतरवत.” मग जमलेल्या लोकांकडे बघून, “सभा हाय का हितं?” आणि आत गेले. त्या घरात त्यांनी पाठ फिरवल्यावर पुढे कोणी बोलत नाही. जावई हृतिक बंदरावर ड्युटीला होता. असता तरी बोलला नसता.

मी डागाचं सांगणार होते. अंकिताने माझ्याकडे असं पाहिलं की सांगता आलं नाही. जमलेल्या माणसांत कसं सांगणार. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “आई, तू जा. सोमवारी ये. तीनच दिवस आहेत.”

मी रिकामी गाडी घेऊन परत आले. दादूंच्या त्या वाक्याला काय उत्तर द्यावं तेच वाटभर शोधत होते. पण उत्तर सापडणं हे माझं काम होतं का? लेक आणणं हे काम होतं.

तुम्ही असता तर. तुम्ही अंगणात उभे राहून नुसतं ‘चला पोरी’ म्हणाला असतात, आणि त्यांनी बापाला नाही म्हटलं नसतं. गाडी कुठली, कधी घेतलेली, कोणी विचारलं नसतं. मी हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. मला भीती वाटते आहे आणि ती लिहायला दुसरं कोणी नाही.

रंजिता


दवाखाना, नवीन पनवेल
२२ सप्टेंबर २०२५

कुंदन,

फोन लागत नाही तुमचा. मेसेज पाहिलेत की नाही कळत नाही. इथे बाकावर बसून मोबाईलवर लिहिते आहे, चुका असतील.

मुलगी झाली. खूप लहान आहे. पेटीत आहे. मला काचेतून दाखवली.

अंकिता आत आहे. काल ऑपरेशन झालं, रक्त थांबलं म्हणाले, आज पहाटे पुन्हा सुरू झालं, पुन्हा आत नेलं. पिशवी काढावी लागेल का ते बघताहेत. हृतिकने सही केली. त्याची सही बघवत नव्हती.

काय झालं ते सांगते. सांगत राहिले तर बसवेल.

शुक्रवारी मी परत आले असं लिहिलं. आले होते. पण शनिवारी सकाळी पुन्हा गेले, आणि काल रविवारीही गेले. त्यांच्या अंगणात नाही. मासळीच्या धक्क्याच्या अलीकडे जिथे बर्फाच्या गाड्या उभ्या राहतात तिथे गाडी लावून नुसती बसून राहिले, आतून काचा बंद करून. शनिवारी संध्याकाळी घरी आले. काल सर्वपित्री होती. घराघरांतून वड्यांचा वास येत होता, बायका केळीच्या पानावर कावळ्यांना घास ठेवत होत्या, आणि मी कोणी ओळखेल म्हणून डोक्यावरून पदर घेऊन बसले होते. का बसले होते म्हणाल तर मला सांगता येणार नाही. घरी बसवत नव्हतं.

अंकिताचा फोन आला. ती फक्त ‘आई’ म्हणाली, आणि मागे गुणाबाईंचा आवाज.

मी दारात पोचले तेव्हा त्यांनी मी इतक्या लवकर कशी आले हेही विचारलं नाही. रुग्णवाहिका जासईच्या कोंडीपलीकडे अडकली होती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, मधे कुठे थांबू नका, रक्त आणि बाळाची पेटी इथे तयार ठेवते, थेट आणा. गुणाबाईंनी तिला उचललं. हो, उचललं, त्या वयात. गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मागे चढल्या, भिंतीला टेकून बसावं तशा दाराला टेकून बसल्या आणि अंकिताला पूर्ण आपल्या मांडीवर घेतलं. माझ्या गाद्या उशा खाली पडल्या. म्हणाल्या, “खड्डा आला का बोल. मी उचलून धरतंय तिला.”

आणि माझा आवाज येईना. कुंदन, माझा आवाज आला नाही. तोंड उघडत होते. मग मी खड्डा दिसला की डावा हात वर करायची. त्या हात बघून तिला दोन्ही हातांनी वर उचलून धरायच्या आणि खड्डा स्वतःच्या कमरेवर घ्यायच्या. उरणपासून असंच. आरशात मला फक्त त्यांचं तोंड दिसत होतं. त्या अंकिताशी बोलत होत्या, मासळीचे भाव, कोणाच्या होडीला काय लागलं, काहीही, एक क्षण थांबत नव्हत्या.

जासईला ट्रेलर अडकलेले. दादू पुढे बसले होते. ते उतरले, डोक्याचा रुमाल काढून हातात धरला आणि गाडीच्या पुढे चालायला लागले, एकेका ट्रेलरच्या दारावर थाप मारत. गुणाबाईंनी काच खाली केली आणि ओरडल्या. बाजारात जिचा आवाज तीन रांगांपलीकडे जातो त्या बाईचा आवाज. “ए भाव, गाडी बाजूला घे, माजी पोर मरतेय.” माझी पोर म्हणाल्या. ट्रेलर हलले. मी त्यांच्यामधून गाडी काढली. आरसे घासले गेले.

गाडी एकदाही बंद पडली नाही. पडली असती तर हे लिहायला मी इथे नसते.

नर्स बाहेर आली होती. माझं नाव नाही घेतलं. दुसऱ्या कोणाला बोलवत होती.

कळवते. तुम्ही फोन बघा.


नवीन पनवेल
२९ सप्टेंबर २०२५

कुंदन यांस,

अंकिता उठून बसली. काल भिंत धरून खिडकीपर्यंत चालली. पिशवी काढावी लागली नाही. करंजाहून होडीवाल्यांची पोरं एका टेम्पोत बसून रक्त द्यायला आली होती, त्यातला टाळी वाजवणाराही होता. माझ्याकडे बघायचं टाळत होता. बाळ अजून काही आठवडे पेटीतच राहील, पण वजन धरते आहे.

तुमचे फोन आले. सगळे. तुम्ही रडलात ते अंकिताने मला सांगितलं नाही, गुणाबाईंनी सांगितलं. फोन त्यांनीच कानाला लावून धरला होता.

डॉक्टरीणबाई म्हणतात, अंकिताला गुरुवारी घरी न्या. बाळापाशी यायला जवळ असावं म्हणून ती माझ्याकडेच येणार. गुरुवारी दसरा. केतनचा फोन आला, तुमची गाडी तयार आहे, हार घालून आणतो. आणि रात्री तुमचा निरोप, ‘पांढरी राहू दे. तिला माझ्या गाडीतून आण. पाठ टेकून, झोपून येईल.’

मला वाटलं गुणाबाई माझ्या बाजूने उभ्या राहतील. त्यांच्या कमरेला अजून पट्टा आहे. त्या म्हणाल्या, “मोठी गाडी आन बाय. पोरीचे टाके हायेत. तुजी गाडी म्हंजे सूप हाय, पाखडते नुसती.” दादू म्हणतात, नाही, ज्या गाडीने आणली तिनेच न्यायची. नवरा-बायको यावरून कालपासून दवाखान्याच्या पायरीवर भांडताहेत. हृतिक म्हणतो, कुठलीही आणा, मी चालवतो. तो चालवतो म्हणजे मोटारसायकल चालवतो तशी चालवतो.

माझं मत कोणी विचारलं नाही असं नाही. सगळ्यांनी विचारलं. पहिल्यांदा असं झालं की मला मत नाही.

त्या रविवारपासून मी गाडी चालवलेली नाही. परवा प्रयत्न केला. मागची सीट धुऊन घेतली आहे, तरी मी मागे बघितलं नाही. किल्ली फिरवली, गाडी लगेच चालू झाली, ती होणारच. मी ती लगेच बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तशीच उतरले. शेजारच्या शोभाताईंना वाटलं चक्कर आली. मी हो म्हटलं.

दवाखाना ते घर म्हणजे दोन सेक्टरांचं अंतर. रिक्षाने येता-जाता मी रोज पाहते. त्यात करंजाच्या रस्त्यासारखं काही नाही. ट्रेलर नाहीत, वळणं नाहीत. तरी मला रोज दिसतं की आपण निघालो आहोत, आणि कुठली गाडी आहे ते दिसत नाही, फक्त मागून ती ‘आई’ म्हणते.

म्हणून हे पत्र. कोणती गाडी ते तुम्ही ठरवा. मी वाद घालणार नाही. पण ठरवायला इथे या. मस्कतहून मुंबईला यायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ मला एसटीने कोल्हापूरला जायला लागतो. सुट्टी नाही असं लिहू नका. मागा.

लग्नानंतर तुम्ही माझ्या भावाची गाडी चालवायला घ्यायचात आणि मी तुम्हाला हसायची. मागून हॉर्न वाजायचे, सायकलवाले पुढे जायचे, आणि तुम्ही एकेका गतिरोधकावर गाडी अशी चढवायचात की जणू खाली कोणी झोपलंय. मी म्हणायची, अशाने आपण सभेला पोचणार कधी. तसं हळू चालवणारं माणूस मला त्यानंतर भेटलेलं नाही, आणि शोधायला आता वेळ नाही.

गुरुवारी सकाळी तिला सोडतील. दवाखान्यापासून आपल्या दारापर्यंत गतिरोधक पुष्कळ आहेत.

रंजिता